ऐकणारे साहेब

माझे भावोजी चहा पिण्याआधी तसं जाहीर करतात. "कप उचलतोय," म्हणतात. मग कप उचलतात. "उचलला." मग एक घोट. "साखर कमी हाय." हे सगळं ते कोणाला सांगत असतात ते कळत नाही. समोर मी बसलेलो असलो तरी त्यांची नजर कपावर असते.

घराला कुलूप लावताना तेच. "लावतोय. लावलं. ओढून बघतोय. बसलंय." रोह्याच्या बाजारात ते भाजी घ्यायला उभे राहिले की मागची बायामाणसं तोंडाला पदर लावतात. "वांगी बघतोय. ही नाय. ही पण नाय. ह्याला भोक हाय." एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "ओ काका, मनात बघा ना! माझी गिऱ्हाइकं पळतात." भावोजी तिला म्हणाले, "बरं. मनात बघतोय," आणि तेही मोठ्यानंच म्हणाले.

ही खोड त्यांना रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीनं लावली. तरुणपणापासून निवृत्त होईपर्यंत ते तिथल्या प्लांटवर ऑपरेटर होते. तिथं यंत्रांचा आवाज इतका की शेजारचा माणूस काय करतो ते कळायचं नाही. म्हणून पद्धत अशी होती की व्हॉल्व्हला हात लावण्याआधी ओरडून सांगायचं, "उघडतोय!" आणि जोडीदारानं "ऐकलं!" असं उत्तर दिल्याशिवाय हात हलवायचा नाही. नाही सांगितलं तर पाइपाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस भाजायचा. भावोजींच्या पाळीत कधी कोणी भाजलं नाही. हे सांगताना ते सहसा करत नाहीत असं करतात, म्हणजे छाती पुढे काढतात.

माझ्या ताईशी त्यांचं लग्न झालं तेव्हा ते नुकतेच कंपनीत लागले होते. पेणला आमच्या दारात मांडव होता. मंगळसूत्र बांधताना भावोजी सवयीनं म्हणाले, "बांधतोय." भटजी मंत्र म्हणायचे थांबले. सगळा मांडव हसायला लागला. मान खाली घातलेली ताई हळूच म्हणाली, "ऐकलं." तिला ती पद्धत कशी माहीत होती, कोण जाणे. कदाचित माहीत नसेल, नवऱ्याची लाज राखायला ती तसं बोलली असेल. पुढं संसारभर त्यांच्या घरात हेच चाललं. हे मोरीतून ओरडायचे, "अंगावर पाणी घेतोय." ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "ऐकलं."

ताई गेली त्याला आता दुसरा पावसाळा. भावोजी अजून सगळं सांगूनच करतात. फक्त प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबतात.

मी पेणला एका पतपेढीत कारकून आहे. पेणहून रोहा गाडीनं तासाभराचं. तरी मी भावोजींकडं फारसा जात नाही. कामं असतात, पाऊस असतो, गाडीची वेळ जमत नाही. मी वाईट माणूस नाही असं मी स्वतःला पुष्कळदा सांगतो. ज्याला ते इतक्या वेळा सांगावं लागतं त्याचं काय ते वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

मुलीच्या कॉलेजला हातभार म्हणून मी फावल्या वेळात घरी बसून एक काम करतो. ठाण्याची एक एजन्सी आहे. मोबाइलवरची ॲप आणि वेबसाइटी बनवणाऱ्या कंपन्या तिच्याकडं येतात. त्यांना बघायचं असतं की मराठी बोलणारा साधा माणूस, त्यातून वयस्कर, त्यांचं ॲप वापरताना कुठं अडतो. मग एजन्सी अशा माणसांना घरबसल्या काम देते. त्यांनी ॲप उघडायचं, सांगितलेलं काम करायचं आणि करताना डोक्यात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. पडदा आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड होतात. ते रेकॉर्डिंग माझ्यासारख्याकडं येतं. मी कानाला हेडफोन लावून ऐकतो, काम झालं का, आवाज स्वच्छ आहे का ते बघतो आणि गुण देतो. बोलणाऱ्याचं नाव मला कळत नाही, माझं त्याला कळत नाही. नियमच तसा आहे.

एका रविवारी सकाळी मी असंच एक रेकॉर्डिंग लावलं. कानात आवाज आला, "फोन हातात घेतोय. घेतला."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पुन्हा लावले.

नाशिकला असलेल्या भाचीनं, मनालीनं, वडिलांना हे काम लावून दिलं होतं, हे मला नंतर कळलं. विचार केला तर तिनं फार बरोबर माणूस निवडला होता. बाकीच्या लोकांना करतोय ते बोलून दाखवायला शिकवावं लागतं. मध्येच ते गप्प होतात, मग रेकॉर्डिंग बाद होतं. भावोजींना जन्मभर ज्या गोष्टीसाठी लोक हसले तीच करायचे आता कोणीतरी पैसे देत होतं.

आणि भावोजी ते काम प्लांटवर जायचं असल्यासारखं करायचे. पंखा बंद, कारण घरघर येते. खिडक्या बंद, कारण रिक्षा येतात. शेजारणीला जाऊन सांगायचं, "आता मी रेकॉर्डिंगला बसतोय. मिक्सर नंतर लाव गो." आणि अंगात इस्त्रीचा सदरा. भाचीनं फोनवर समजावलं होतं, "बाबा, तुम्ही दिसत नाही त्यात, फक्त मोबाइलचा पडदा दिसतो." त्यावर ते म्हणाले होते, "दिसत नाय, पण आवाजावरून कळतं माणूस सदऱ्यात हाय की बनियनवर." कोकणातल्या मे महिन्यात बंद खोलीत सदरा घालून ते घामानं निथळत बसायचे. आवाज मात्र खरोखर सदऱ्यातला यायचा.

सुरुवात ठरलेली. "नमस्कार साहेब. ऐकणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार. जेवण झालं का? नसेल तर आधी जेवून घ्या, मी काय कुठं पळत नाय."

असं ऐकणाऱ्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. बाकीचे लोक रेकॉर्डिंग यंत्र ऐकतं असं समजून बोलतात. भावोजी पहिल्या दिवसापासून धरून चालले की पाइपाच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे.

एका दवाखान्याच्या ॲपवर त्यांना काम दिलं होतं, समजा तुमचा गुडघा दुखतो, डॉक्टरची वेळ घ्या. भावोजी बराच वेळ बटणांशी गेलेच नाहीत. "साहेब, गुडघा दुखत नाय माझा. उगाच खोटं कसं सांगू? डॉक्टरचा वेळ जायचा. कंबर चालेल का? कंबर खरी दुखते." मग कंबरेचा डॉक्टर शोधला, वेळ घेतली आणि ती घेतल्यावर घाबरले. "आता ह्या डॉक्टरनं वाट बघितली तर? रद्द करतोय. रद्द कुठं हाय? रद्द नाय कुठं. साहेब, इथं जायची वाट हाय, यायची नाय." त्या कंपनीला नेमकं तेच हवं होतं. रद्द करण्याचं बटण त्यांनी ठेवलंच नव्हतं.

कर्ज देणाऱ्या एका ॲपवर पहिल्याच पानावर हसऱ्या माणसाचा फोटो होता. भावोजी म्हणाले, "हा कोण हसतोय? कर्ज देणारा असेल. घेणारा असा हसत नाय." मी एकटाच खोलीत मोठ्यानं हसलो. त्यांच्या समोर बसून मी इतका मोकळा कधी हसलो नव्हतो. समोर असलो की ते मला विचारायचे, "पेणला पाऊस कसा हाय?" आणि मी सांगायचो, "बरा आहे." मग दोघं पावसाकडं बघत बसायचो. उन्हाळा असला तरी.

हेडफोनमधले भावोजी वेगळे होते. प्रत्येक वाक्यानंतर ते जरा थांबायचे, तेव्हा नकळत माझ्या तोंडून हळूच निघायचं, "ऐकलं." पेणला माझ्या टेबलाशी. त्यांना ते पोचायची काही सोय नव्हती.

नातेवाइकांची रेकॉर्डिंगं तपासायची नाहीत असा नियम आहे. पहिल्याच दिवशी मी ते एजन्सीला कळवायला हवं होतं. भावोजींनाही सांगायला हवं होतं. कळवलं नाही, सांगितलं नाही. दर आठवड्याला मी रोह्याला न जाता त्यांच्या घरात बसून येत होतो आणि त्याचे मला पैसे मिळत होते.

मग गणपतीच्या ॲपचं काम आलं. घरबसल्या मूर्ती निवडायची आणि मागवायची. भावोजींनी नमस्कार केला, जेवणाचं विचारलं, ॲप उघडलं आणि थबकले.

"साहेब, असा बोटानं सरकवून बघायचा का गणपती? बरं. सरकवतोय. तुम्हाला म्हणून सांगतो, आम्ही हमरापूरला जायचो, पेणजवळ. तिथं घरोघरी मूर्ती करतात. आमची मंडळी काय करायची, रंगवलेल्या मूर्तीकडं बघायचीच नाय. पांढऱ्या मूर्ती असतात ना, डोळे आखायचे राहिलेले, त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहायची. म्हणायची, डोळे आले की सगळेच गोड दिसतात. त्याच्या आधी जो आवडेल तो आपला. कारखानदार हसायचा. म्हणायचा, वहिनी, अजून तो तुम्हाला बघत पण नाय. ही म्हणायची, मी बघते ना त्याला. … ह्या ॲपवर सगळ्यांना डोळे हायत, साहेब. मला निवडता येत नाय."

पडद्यावरच्या मूर्ती सरकायच्या थांबल्या होत्या.

"ती गेली तेव्हा मी रडलो नाय. तिचा भाऊ होता समोर. पन्नाशीला आलाय आता, पण तिच्याच कडेवर वाढलेला. तो एवढा रडत होता, म्हटलं, मी पण रडलो तर ह्याला धरणार कोण? नंतर रडू म्हटलं. नंतर जमलंच नाय. एकट्याला रडायला येत नाय, साहेब, माझं नाय होत. आता तो कधी आला तर मी पावसापाण्याचं बोलतो. तिचं नाव काढलं की त्याचा चेहरा पुन्हा तसा व्हायचा. म्हणून नाय काढत." मूर्ती पुन्हा सरकायला लागल्या. "तुम्ही परके, म्हणून बोललो. मूर्ती निवडली. कार्टमध्ये टाकतोय. टाकली."

मी पूर्ण गुण दिले. आवाज स्वच्छ होता आणि काम झालं होतं.

चार दिवसांनी एजन्सीच्या मॅडमचा फोन आला. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्यावरही कोणीतरी होतं. म्हणाल्या, "सर, हे टेस्टर फार अवांतर बोलतात. कंपनीवाल्यांनी रेकॉर्डिंग उघडून ऐकलं. आम्हाला विचारतात, आमच्या बटणांविषयी ह्यात काय आहे? आणि तुम्ही पूर्ण गुण कसे देता दर वेळी?"

"माणूस प्रामाणिक आहे," मी म्हणालो.

"प्रामाणिक असू द्या हो. पुन्हा असं आलं तर त्यांना बंद करावं लागेल. आणि मग तुमचंही बघावं लागेल."

त्यांना बंद करणं म्हणजे काय ते मॅडमना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. इस्त्रीचा सदरा घालायचं त्यांच्याकडं ते एकच निमित्त उरलं होतं.

त्यावर उपाय साधा होता. एजन्सीमार्फत निनावी सूचना पाठवता येते. 'कृपया फक्त ॲपविषयी बोला' एवढंच लिहायचं. त्यांना थोडं लागलं असतं, पण काम टिकलं असतं आणि पलीकडचे साहेब तसेच राहिले असते. मी तेवढंच करायला हवं होतं. पण मला वाटलं, आता खरं सांगून टाकावं. हे त्यांच्यासाठी आहे असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे माझ्या छातीवरचं ओझं मला उतरवायचं होतं, आणि ते कोणाच्या अंगावर उतरेल याचा विचार मी केला नाही.

रविवारी गाडीत बसलो. कासू गेलं, नागोठणं गेलं. निडीला गाडी थांबली तेव्हा वाटलं, इथंच उतरावं आणि परतीची गाडी धरावी. मी दार अडवून उभा होतो, मागच्या बाईनं विचारलं, "उतरताय का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग आत तरी व्हा."

भावोजींनी वालाचं बिरडं केलं होतं. मला बघून त्यांना आनंद झाला. "ये. ताट घेतोय. घेतलं. पेणला पाऊस कसा हाय?"

"भावोजी, तुमच्या त्या रेकॉर्डिंगचं एक सांगायचं होतं."

"तुला कोण बोललं? मनाली बोलली असंल. बरा उद्योग हाय रे तो. ऐकणारे साहेब चांगले हायत. कधी गुण कापत नायत."

"ते साहेब म्हणजे मीच आहे."

ते हसले. मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले.

"तू?"

"मी ते काम करतो. तुमची रेकॉर्डिंगं माझ्याकडं येतात. पहिल्यापासून. मी सांगायला पाहिजे होतं."

भावोजींनी गॅस बंद केला. बंद करतोय असं म्हणाले नाहीत. भांड्यावर झाकण ठेवलं, हात पुसले, खुर्चीत बसले, आणि हे सगळं त्यांनी तोंडातून शब्द न काढता केलं. त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. घर भलतंच मोठं वाटायला लागलं.

"सगळी ऐकलीस?"

"सगळी."

"गणपतीचं पण?"

मी मान हलवली. माझा चेहरा बहुतेक तसाच झाला असावा, कारण ते लगेच दुसरीकडं बघायला लागले.

"मला वाटलं, ठाण्या-बिण्याचा कोणीतरी असेल," ते म्हणाले. "एसीत बसणारा. आपल्याला कधी भेटणार नाय असा." मग पुसलेले हात पुन्हा पुसत, "तुझ्यावर राग नाय रे. पण परका होता तेच बरं होतं."

मग जे सांगायला नको होतं तेही मी सांगितलं. मॅडमचा फोन, अवांतर बोलण्याबद्दलची ताकीद, त्यांचं काम जाईल ते आणि माझंही जाईल ते. त्यांनी फक्त शेवटचं धरलं.

"तुझं का जाईल?"

"मी पूर्ण गुण देतो म्हणून."

"मग कशाला देत होतास? मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, कापून टाक म्हणून." ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले होते. "पोरगी शिकतेय तुझी. हे असलं कोणी करतं का? आणि मी आपला बोलतोय, बोलतोय. माझ्या पाळीत कोणाला इजा झालेली नाय कधी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जेवून घे. निवतंय."

आम्ही जेवलो. बिरडं चांगलं झालं होतं. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "सुमन खोबरं जास्त घालायची." माझ्यासमोर ताईचं नाव त्यांनी काढलं ते तेवढंच. पुढं मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते. मी भात कालवत राहिलो.

पुढच्या रविवारी त्यांचं रेकॉर्डिंग आलं. एसटीचं तिकीट काढायच्या ॲपचं होतं. "ॲप उघडतो आहे. उघडले. गाव निवडतो आहे. इथे अक्षरे लहान आहेत. तारीख निवडली. पुढील बटण दिसत नाही, ते खाली आहे, वर असावे." पुस्तकातली मराठी होती. ज्या साहेबाशी ते आजवर बोलायचे तो आता पलीकडं नव्हता. शेवटी ॲप विचारतं, आणखी काही सांगायचं आहे का? ते म्हणाले, "नाही. धन्यवाद."

दुपारी त्यांचा फोन आला. स्वतःहून ते कधी फोन करत नाहीत.

"शरद, पोचलं का?"

"पोचलं."

"बरोबर झालं ना? जास्त नाय ना काय बोललो? तुला कोण बोलायला नको."

"एकदम बरोबर झालं, भावोजी."

"मग बरं," ते म्हणाले. मी पुढचं वाक्य जुळवत होतो तोवर त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मी गुण भरायला बसलो. आवाज स्वच्छ, काम पूर्ण, अवांतर काही नाही. मॅडमचा निरोपही येऊन पडला होता, आता कसं छान झालं म्हणून. सगळ्यात खाली एक प्रश्न असतो. घाईत मी तो आजवर न वाचताच भरत आलो होतो. 'टेस्टरने मनातलं मोकळेपणाने सांगितलं का?' 'नाही'वर खूण केली तर रेकॉर्डिंग बाद होतं. मी 'होय'वर खूण केली आणि पाठवून दिलं.